व्हीपीएन एक्सटेन्शन: ‘अ‍ॅड’ दाबण्याआधी आणि दाबून बसल्यावर

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटची वर्दळ दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय, आणि एक्सटेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. क्रोममध्ये कुठलंही व्हीपीएन एक्सटेन्शन टाकायला गेलात की मध्येच एक छोटी खिडकी उघडते. वर एक्सटेन्शनचं नाव, त्याखाली ‘इट कॅन’ असे दोन शब्द आणि मग एक ओळ: ‘रीड अँड चेंज ऑल युवर डेटा ऑन ऑल वेबसाइट्स’. खाली दोन बटणं, कॅन्सल आणि अ‍ॅड एक्सटेन्शन. सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणार आणि बदलणार, असं ते सरळ सांगतंय. ही ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. जे वाचतात ते ‘सगळ्यांचं असंच असतं’ म्हणून पुढे जातात. पंचाईत ही की त्यांचं म्हणणं खोटं नाही. व्हीपीएन एक्सटेन्शन म्हटलं की ही ओळ आलीच, मग ते चांगलं असो वा वाईट.

सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत पेढ्या, गणपती पेठेतली दुकानं आणि विश्रामबागेतल्या कर सल्लागारांची ऑफिसं, यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. तिथल्या ब्राउझरमध्ये एखादं फुकटचं व्हीपीएन निघाल्याचं मला आता नवल वाटत नाही. मालकाच्या मुलाने मॅच बघायला टाकलेलं असतं, ऑपरेटरने कुठली तरी अडवलेली साइट उघडायला घेतलेलं असतं, नाहीतर ‘याने कॉम्प्युटर सेफ राहतो’ असं कुणी तरी सांगितलेलं असतं. आणि त्याच ब्राउझरमधून ई-वे बिल निघतं, आरटीजीएस होतं, दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप वेबवर हळदीच्या सौद्यांचे फोटो येत-जात असतात. हा लेख अशा ब्राउझरसाठी आहे.

व्हीपीएन म्हणतात, पण असतो प्रॉक्सी

ब्राउझरमधलं व्हीपीएन एक्सटेन्शन बहुतेक वेळा खरं व्हीपीएन नसतंच. ते ब्राउझरला एवढंच सांगतं की सरळ इंटरनेटवर जाऊ नकोस, आमच्या अमुक सर्व्हरमार्गे जा. याला प्रॉक्सी म्हणतात. त्याचा परिणाम फक्त त्या ब्राउझरपुरता. टॅली, आउटलुक, टीमव्ह्यूअर, विंडोजचे अपडेट हे सगळं पूर्वीसारखंच तुमच्या नेहमीच्या जोडणीवरून जातं. ‘कॉम्प्युटर सेफ’ हा समज इथेच निकालात निघतो.

आता कोणाला काय दिसतं ते बघू. पुढचा सगळा लेख यावरच उभा आहे.

तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं. म्हणजे ब्राउझर आणि बँक यांच्यामधला मजकूर एन्क्रिप्ट होऊन, मधल्या कुणाला वाचता येणार नाही असा जातो. मधल्या प्रॉक्सी सर्व्हरला तुम्ही कुठल्या बँकेकडे निघालात ते कळतं, पण पासवर्ड कळत नाही, शिल्लक कळत नाही. इथवर ठीक. पण एक्सटेन्शन वाटेत बसत नाही, ते ब्राउझरच्या आत बसतं. पान तुमच्या डोळ्यांपुढे येईपर्यंत एन्क्रिप्शन उलगडलेलं असतं. सगळ्या साइटची परवानगी असलेलं एक्सटेन्शन ते उलगडलेलं पान वाचू शकतं, तुम्ही रकान्यात टाइप केलेलं वाचू शकतं, पानाचा फोटोही काढू शकतं. गोडाउनमधून निघालेल्या ट्रकला कितीही कुलपं घाला, पेढीत गादीला खेटून बसलेल्या माणसाला चोपडी वाचता येतेच.

म्हणजे व्हीपीएन कंपनीचे दोन वेगवेगळे हात आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक तिचा सर्व्हर, जो तुम्ही कुठे-कुठे जाता ते बघतो. दुसरं तिचं एक्सटेन्शन, ज्याला तुम्ही तिथे जाऊन काय करता तेही बघता येतं. ‘आम्ही लॉग (कोण कुठे गेलं याची नोंद) ठेवत नाही’ ही जाहिरात बहुधा पहिल्या हाताबद्दल असते.

ती ओळ काय लपवते

क्रोममध्ये एक्सटेन्शनला नुसती प्रॉक्सी बदलण्याची परवानगी हवी असली, तरी पडद्यावर इशारा तोच येतो: सगळ्या साइटवरचा सगळा डेटा. आणि प्रत्येक पानात स्वतःचा कोड घुसवायची परवानगी हवी असली तरीही तोच. एकाला फक्त रस्ता वळवायचा आहे, दुसऱ्याला पान वाचायचं आहे, आणि क्रोम दोघांनाही एकाच वाक्यात गुंडाळतं. त्यामुळे त्या खिडकीवरून निवाडा करता येत नाही. खोलात शिरावं लागतं, ते कसं ते पुढे येईल.

त्या ओळीसोबत आणखी काही ओळी दिसल्या तर मात्र तिथेच थांबायचं. ‘रीड अँड चेंज युवर ब्राउझिंग हिस्टरी’ आलं तर विचारा, रस्ता वळवणाऱ्याला माझा जुना प्रवास कशाला हवा? ‘रीड डेटा यू कॉपी अँड पेस्ट’ आलं तर सरळ कॅन्सल. आपल्याकडे खाते क्रमांक, पॅन, जीएसटीआयएन हे सगळं कॉपी-पेस्टनेच इकडून तिकडे जातं. ‘मॅनेज युवर अ‍ॅप्स, एक्सटेन्शन्स अँड थीम्स’ ही ओळ काही प्रामाणिक व्हीपीएनसुद्धा मागतात, कारण दुसरं प्रॉक्सी एक्सटेन्शन आडवं येतंय का ते त्यांना तपासायचं असतं. पण तुमच्याकडची बाकीची एक्सटेन्शन्स बंद करण्याची ताकदही त्यातच आली. ‘चेंज युवर प्रायव्हसी-रिलेटेड सेटिंग्ज’ ऐकायला भयानक, पण वेबआरटीसीमधून (ब्राउझरमधल्या थेट कॉलच्या तंत्रातून) तुमचा खरा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, फुटू नये म्हणून ती लागू शकते. एवढ्या एकीवरून कुणाला नाकारू नका.

नावं घेऊन सांगण्यासारखी प्रकरणं

‘असं होऊ शकतं’ म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विसरतो. म्हणून झालेलं सांगतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोई सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी फ्रीव्हीपीएन.वन नावाच्या क्रोम एक्सटेन्शनचं प्रकरण उघड केलं. एक लाखाच्या वर इन्स्टॉल, शिवाय क्रोम वेब स्टोअरचा ‘फीचर्ड’ बिल्ला. तुम्ही पान उघडलं की साधारण सेकंदाभरात ते गुपचूप स्क्रीनशॉट काढायचं आणि पानाच्या पत्त्यासकट स्वतःच्या सर्व्हरला पाठवायचं. डेव्हलपरचं म्हणणं होतं की ही संशयास्पद साइट तपासण्याची सोय आहे. मला यातला क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी ते साधंसुधं व्हीपीएन होतं. एप्रिल २०२५ च्या अपडेटमध्ये त्याने सगळ्या साइटची परवानगी घेतली. फोटो काढणं सुरू झालं जुलैमध्ये. आधी किल्ली, मग तीन महिन्यांनी काम.

डिसेंबर २०२५ मध्ये त्याच संशोधकांनी अर्बन व्हीपीएन प्रॉक्सीबद्दल लिहिलं. त्याचे क्रोमवर साठ लाखांच्या घरात वापरकर्ते, बिल्ला तोच. जुलै २०२५ च्या अपडेटपासून हे एक्सटेन्शन चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड अशा एआय चॅटवरचं लोकांचं संभाषण गोळा करत होतं, आणि व्हीपीएन जोडलेलं असो वा नसो, गोळा करणं चालूच राहायचं. हे वाक्य लक्षात ठेवा. एक्सटेन्शनच्या छोट्या खिडकीतलं ‘डिस्कनेक्ट’ दाबलं की प्रॉक्सी थांबतो, एक्सटेन्शन थांबत नाही.

थोडं जुनं उदाहरण होला व्हीपीएनचं. २०१५ मध्ये बाहेर आलं की फुकट वापरणाऱ्यांची रिकामी बँडविड्थ ल्युमिनाटी नावाच्या सेवेतून विकली जात होती. पुढे त्या सेवेचं नाव ब्राइट डेटा झालं. याचा अर्थ असा की तिसऱ्याच कुणाची तरी वर्दळ तुमच्या घरच्या आयपीवरून बाहेर पडते. त्याने काही उद्योग केला तर चौकशीचा पहिला पत्ता तुमचा निघतो.

आणि डेव्हलपर सज्जन असला म्हणून भागतं असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एक्सटेन्शन बनवणाऱ्यांनाच फसवे ईमेल पाठवून त्यांच्या वेब स्टोअर खात्यांवर ताबा मिळवला गेला. सायबरहेवन ही डेटा सुरक्षेचं काम करणारी कंपनीच त्यात सापडली. बाधित एक्सटेन्शन्सच्या यादीत व्हीपीएनसिटी आणि इंटरनेक्स्ट व्हीपीएन ही नावंही होती. विषारी अपडेट वापरकर्त्यांकडे आपोआप पोचला, कुणी काही दाबायची गरज पडली नाही.

मुळात लागतं का?

पेढीच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरपुरतं माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. लोक कारणं देतात ती एकेक करून बघू.

चहाच्या हॉटेलातलं किंवा अभ्यासिकेचं वायफाय धोक्याचं म्हणून व्हीपीएन? बँक, मेल, सरकारी पोर्टल हे सगळं एचटीटीपीएसवर आहे. तिथलं वायफाय तुमचा पासवर्ड वाचू शकत नाही. तरी धाकधूक असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. अनोळखी वायफायला घाबरून अनोळखी एक्सटेन्शनला घरात घेणं हा आगीतून फुफाट्यात प्रकार.

सरकारी साइट उघडत नाही म्हणून व्हीपीएन? इथे उलटंच घडतं. बरीच सरकारी संकेतस्थळं परदेशी आयपीवरून उघडतच नाहीत. विश्रामबागेतल्या एका ऑफिसातून रिटर्नच्या मुदतीच्या दिवशी फोन आला, “दादा, सकाळपासून पोर्टल बंद आहे, आमच्याच इथे.” शेजारच्या ऑफिसात ते चालू होतं. जाऊन पाहतो तर वर कोपऱ्यात हिरवा बिल्ला आणि देश नेदरलँड्स.

“हे कोण वापरतं, ताई?”

“कोणीच नाही. आधीच्या मुलाने टाकलं असेल. ते चालू असतं होय?”

चालूच होतं. बंद केल्यावर पोर्टल लगेच उघडलं. आधीचा मुलगा नोकरी सोडून गेला होता, त्याचं एक्सटेन्शन मात्र अजून रोज कामावर येत होतं.

आपण कुठून काय बघतो ते कुणाला कळू नये म्हणून व्हीपीएन? ही गरज खरी असू शकते. भारतात व्हीपीएन वापरणं हा एरवी गुन्हा नाही. पण ज्याच्यापासून लपायचं तो बदलतो, एवढंच. इंटरनेट देणाऱ्याऐवजी आता व्हीपीएनवाला बघतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क, प्रोटॉन अशा मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे एखाद्या फुकट एक्सटेन्शनमध्ये ‘इंडिया सर्व्हर, नो लॉग’ असं एका दमात लिहिलेलं दिसलं, तर आधी तो सर्व्हर खरंच कुठे आहे आणि कंपनी कोणत्या देशाची आहे ते शोधा.

आता कॉम्प्युटरसमोर बसा

क्रोमच्या वर उजवीकडे कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं, ते दाबा. तिथून ‘मॅनेज एक्सटेन्शन्स’. चिन्ह दिसत नसेल तर तीन ठिपके, मग एक्सटेन्शन्स. एजमध्येही वाट अशीच आहे. फायरफॉक्समध्ये तीन रेघांच्या मेनूतून ‘एक्सटेन्शन्स अँड थीम्स’, जुन्या आवृत्तीत ‘अ‍ॅड-ऑन्स अँड थीम्स’.

समोर पत्त्यांसारखे चौकोन येतील. एकेका चौकोनापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: हे इथे कोणी टाकलं आणि आज कोण वापरतंय? उत्तर मिळालं नाही तर ‘रिमूव्ह’. निळं बटण नुसतं बंद करून ठेवू नका. बंद ठेवलेलं कुणीतरी कधीतरी चालू करतं.

‘रिमूव्ह’ दिसतच नसेल आणि ‘इन्स्टॉल्ड बाय युवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असं काही लिहिलं असेल, तर जपून. मोठ्या कंपनीत ते रीतसर असू शकतं. तीन कॉम्प्युटरच्या पेढीत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण? २०२३ च्या शेवटी रीझनलॅब्सने अशीच तीन नकली व्हीपीएन एक्सटेन्शन्स दाखवली होती. नेटप्लस, नेटसेव्ह आणि नेटविन ही त्यांची नावं. ती टोरंटवरून उतरवलेल्या चोरट्या गेम्सच्या इन्स्टॉलरमधून वापरकर्त्याला न विचारता बसत होती. अशा वेळी ब्राउझरशी झटापट करून उपयोग नाही. विंडोजचं पूर्ण स्कॅन करा, अलीकडे बसलेले अनोळखी प्रोग्राम काढा, आणि जमत नसेल तर माहितगाराला बोलवा.

जे व्हीपीएन ठेवायचं ठरवलंत, त्याच्या चौकोनातलं ‘डिटेल्स’ दाबा. इथे चार ठिकाणी नजर टाकायची.

‘पर्मिशन्स’मध्ये इन्स्टॉल करताना दाखवलेल्या ओळी पुन्हा दिसतात. वर सांगितलेल्या ओळींशी ताडून बघा.

‘साइट अ‍ॅक्सेस’मध्ये तीन पर्याय असतात: ऑन क्लिक, ऑन स्पेसिफिक साइट्स, ऑन ऑल साइट्स. बहुतेक ठिकाणी तिसरा निवडलेला असतो, तो बदलून ‘ऑन क्लिक’ करा. मग व्हीपीएन जोडून बघा. प्रॉक्सी बदलण्याची परवानगी या पर्यायापेक्षा वेगळी असल्यामुळे कित्येक एक्सटेन्शन्स तरीही चालतात. चाललं, तर त्याला पानं वाचण्याची गरज कधीच नव्हती. काही अडतात, कारण त्यांना स्वतःच्या सर्व्हरवर नाव-पासवर्ड देण्यासाठी ही परवानगी खरंच लागते. ते अडलं म्हणून लबाड ठरत नाही, पण मग ते कामाच्या ब्राउझरमध्ये नको. हा पर्यायच दिसला नाही, तर बहुधा एक्सटेन्शनने फक्त प्रॉक्सीची परवानगी मागितली आहे. ती चांगली खूण.

‘अलाउ इन इन्कॉग्निटो’ बंदच असायला हवं. मुळात ते बंद असतं, पण काही एक्सटेन्शन्स चालू करायला गळ घालतात. ते बंद असेल तर घाईच्या वेळी बँकेचं काम इन्कॉग्निटो खिडकीत करता येतं, कारण तिथे एक्सटेन्शन शिरत नाही.

‘अलाउ अ‍ॅक्सेस टू फाइल यूआरएल्स’ हेही बंद. तुमच्या डिस्कवरची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडलीत तर व्हीपीएनने ती बघण्याचं काहीच कारण नाही.

स्टोअरचं पान वाचताना

‘डिटेल्स’मधूनच ‘व्ह्यू इन क्रोम वेब स्टोअर’ दाबून त्याचं पान उघडा. तारे आणि बिल्ला यांच्यावर वेळ घालवू नका. बिल्ल्याची किंमत वर दोनदा कळली आहे. खाली प्रायव्हसीचा भाग असतो. त्यात डेव्हलपरने आपण काय गोळा करतो ते जाहीर केलेलं असतं: वेब हिस्टरी, लोकेशन, वेबसाइट कंटेंट, युजर अ‍ॅक्टिव्हिटी वगैरे. हे डेव्हलपरने स्वतःच भरलेलं असतं, त्यामुळे ‘काहीही गोळा करत नाही’ यावर फारसं विसंबू नका. पण त्याने स्वतःहून ‘वेबसाइट कंटेंट’वर खूण केली असेल, तर त्याच्यावर जरूर विश्वास ठेवा आणि निघा.

मग प्रायव्हसी पॉलिसी. पूर्ण वाचायची गरज नाही. कंट्रोल आणि एफ दाबून तीन शब्द शोधा: थर्ड पार्टी, अ‍ॅफिलिएट, अ‍ॅनालिटिक्स. ‘आमच्या संलग्न कंपनीला ब्राउझिंग डेटा व्यावसायिक वापरासाठी देतो’ अशा अर्थाचं वाक्य पुष्कळदा चौथ्या-पाचव्या पानावर शांतपणे बसलेलं असतं. पॉलिसीच नसेल, किंवा ती गूगल डॉकमध्ये असेल आणि संपर्काला एक जीमेलचा पत्ता असेल, तर पुढे बघायलाही नको.

फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न आपल्या बाजारपेठेत कुणाला शिकवावा लागत नाही. सर्व्हर आणि बँडविड्थला दर महिन्याला पैसे पडतात. जी कंपनी पैसे घेऊन मोठी सेवा विकते आणि तिचाच एक मर्यादित भाग फुकट देते, तिचा हिशोब समजतो. ज्याचं सगळंच फुकट, अमर्याद, आणि जाहिरातही नाही, त्याचा हिशोब तुमच्या डेटावर बसलेला असण्याची शक्यता मोठी.

मॅनिफेस्ट उघडून बघणं

मॅनिफेस्ट म्हणजे एक्सटेन्शनने कोणत्या परवानग्या मागितल्या ते लिहिलेली त्याची फाइल. हे सगळ्यांसाठी नाही, पण वालचंदच्या किंवा कुठल्याही कॉलेजच्या पोरांना आणि माझ्यासारख्या मेंटेनन्सवाल्यांना जमण्यासारखं आहे. खरा निवाडा इथेच होतो.

एक्सटेन्शन्सच्या पानावर वर उजवीकडे ‘डेव्हलपर मोड’ चालू करा. प्रत्येक चौकोनात बत्तीस अक्षरांचा आयडी दिसू लागेल. विंडोजमध्ये तुमच्या युजर फोल्डरात अ‍ॅपडेटा, लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट, एक्सटेन्शन्स अशी वाट धरा. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करावे लागतात. प्रोफाइल एकापेक्षा जास्त असतील तर डिफॉल्टच्या जागी प्रोफाइल १, प्रोफाइल २ असं असेल. त्या आयडीचं फोल्डर, त्यात आवृत्तीच्या आकड्याचं फोल्डर, आणि आत मॅनिफेस्ट नावाची जेसन फाइल. नोटपॅडमध्ये उघडा.

‘पर्मिशन्स’ या शब्दापुढच्या कंसात प्रॉक्सी, स्टोरेज, अलार्म्स, वेबरिक्वेस्ट, वेबरिक्वेस्टऑथप्रोव्हायडर असं काही असेल तर ते व्हीपीएनच्या कामाचं आहे. शेवटचा लांबलचक शब्द सर्व्हरवर लॉगिन होण्यासाठी. कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी), हिस्टरी, क्लिपबोर्ड, स्क्रिप्टिंग हे शब्द दिसले तर भुवया वर जायला हव्यात. ‘होस्ट पर्मिशन्स’समोर ऑल यूआरएल्स असेल तर तो सगळ्या साइटचा परवाना. फ्रीव्हीपीएन.वनने एप्रिलमध्ये मिळवला तो हाच, आणि दिसणाऱ्या टॅबचा फोटो काढायला तोच पुरतो.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द मात्र ‘कंटेंट स्क्रिप्ट्स’. हा विभाग असेल आणि त्याच्या ‘मॅचेस’मध्ये सगळ्या साइट असतील, तर एक्सटेन्शन प्रत्येक पानात स्वतःचा कोड सोडतंय. रस्ता वळवण्यासाठी हे लागत नाही. जाहिराती अडवणं, धोकादायक साइटचा इशारा देणं अशी जास्तीची कामं ते करत असेल तर कारण मिळतं, पण मग तुम्ही व्हीपीएन मागितलं होतं आणि मिळालं भलतंच.

आणखी पुढे जायचं असेल तर त्याच चौकोनातल्या ‘सर्व्हिस वर्कर’वर (एक्सटेन्शनचा पडद्यामागे चालणारा भाग) दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा आणि शेजारच्या खिडकीत चार साध्या साइट उघडा, बँकेच्या नव्हेत. व्हीपीएन डिस्कनेक्ट ठेवून हे करायचं. दर पानामागे एका ठरावीक पत्त्यावर विनंती जाताना दिसली तर खेळ खलास. काही दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नका. काही गोष्टी पानात सोडलेल्या कोडमधून होतात, आणि फ्रीव्हीपीएन.वनने नंतर पाठवायचा मजकूर एन्क्रिप्टही करायला सुरुवात केली होती.

जागा वेगळी करा

एवढं तपासूनही उद्याचा अपडेट काय आणेल ते तुमच्या हातात नाही. एक्सटेन्शन विकलं जाऊ शकतं, डेव्हलपरचं खातं चोरीला जाऊ शकतं. म्हणून मी तपासणीपेक्षा जागा वेगळी करण्यावर जास्त भर देतो. क्रोमची एक्सटेन्शन्स प्रोफाइलनुसार वेगळी राहतात. एका प्रोफाइलमधल्या एक्सटेन्शनला दुसऱ्या प्रोफाइलमधली पानं, कुकीज, पासवर्ड काहीच दिसत नाही.

वर उजवीकडच्या गोल चित्रावर दाबा, नवीन प्रोफाइल जोडण्याचा पर्याय निवडा, आणि गूगल खातं विचारल्यावर ‘खात्याशिवाय’ पुढे जा. इथेच लोक चुकतात. तेच जुनं खातं घालून सिंक चालू केलं की जुनी एक्सटेन्शन्स नव्या प्रोफाइलमध्ये मागच्या दाराने परत येतात. खातं घालायचंच असेल तर सिंकच्या यादीतलं ‘एक्सटेन्शन्स’ बंद करा. प्रोफाइलला ‘काम’ असं नाव द्या, रंग गडद लाल वगैरे ठेवा म्हणजे खिडकी लांबूनही ओळखू येते. डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट काढून दिवाणजींना सांगा की बँक, जीएसटी, ई-वे बिल, व्हॉट्सअ‍ॅप वेब हे फक्त लाल खिडकीत. यात एकही एक्सटेन्शन टाकायचं नाही, व्याकरण तपासणारं नाही आणि कूपन शोधणारंही नाही.

व्हीपीएन हवंच असेल तर ते जुन्या प्रोफाइलमध्ये, मॅचसाठी, खुशाल. पैसे मोजायची तयारी असेल तर एक्सटेन्शनऐवजी त्या कंपनीचं पूर्ण अ‍ॅप घ्या. ते कॉम्प्युटरची सगळी वर्दळ नेतं, पण ब्राउझरच्या पानात बसत नाही. कोड खुला आहे का आणि बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली आहे का, हे दोन प्रश्न तेवढे विचारा.

संशयास्पद काही निघालं तर

क्रम चुकवू नका. आधी एक्सटेन्शनच्या चौकोनाचा मोबाइलने फोटो घ्या, मग ते काढा. त्यानंतर चालू असलेली लॉगिन्स तोडा, कारण पासवर्ड न कळताही कुकीवरून आत शिरता येतं. गूगल खात्याच्या सिक्युरिटी भागात ‘युवर डिव्हायसेस’मधून अनोळखी जागा बाहेर काढा. फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून सगळी उपकरणं लॉगआउट करा. पासवर्ड त्यानंतर बदला, तेही दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून. आधी मेलचा, मग बँकेचा, मग पोर्टलचे. मेलमध्ये फॉरवर्डिंगचा एखादा अनोळखी पत्ता घुसवलेला नाही ना, तेही बघून घ्या. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमधल्या प्रॉक्सीच्या पानावर कुठला पत्ता उरलाय का ते तपासा. एक्सटेन्शनने बदललेला प्रॉक्सी ते काढताच जातो, पण सोबत एखादा प्रोग्राम बसला असेल तर त्याचा तिथेच राहतो.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येते का, यावर सगळं असतं, म्हणून ‘संध्याकाळी बघू’ नको. सुरुवातीला फोटो घ्यायला सांगितलं ते या तक्रारीसाठी: त्यात एक्सटेन्शनचं नाव, आयडी आणि आवृत्ती दिसायला हवी. काढून टाकल्यावर हे सापडत नाही, म्हणून फोटो आधी, रिमूव्ह नंतर.

फोनचं वेगळं आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्सटेन्शन्स चालत नाहीत, त्यामुळे तिथे जे ‘व्हीपीएन’ आहे ते अख्खं अ‍ॅप असतं आणि त्याची परवानगी सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात व्हीपीएन या नावाखाली सापडते. फायरफॉक्स मात्र अँड्रॉइडवरही अ‍ॅड-ऑन्स घेतं, तिथे वरचेच प्रश्न लागू.

आणि कधीतरी सकाळी क्रोम उघडल्यावर असं दिसेल की अमुक एक्सटेन्शनला नवीन परवानग्या हव्यात, तोवर ते बंद ठेवलंय. समोर ‘अ‍ॅक्सेप्ट’ आणि ‘रिमूव्ह’ दोन्ही असतील. एखाद्या व्हीपीएनने मध्येच जास्त मागितलं, तर काय वाढलं ते वाचा, कारण सापडेना तर रिमूव्ह दाबा. पण हा इशारा नव्या परवानगीसाठीच येतो. सगळ्या साइटची परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली असेल, तर पुढे त्या परवानगीत काय वाट्टेल ते सुरू झालं तरी क्रोम विचारायला येत नाही.